डी.एल.एड.मधली भूमिती आणि मापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका. ती देणाऱ्या अध्यापक विद्यालयात पहिल्या सराव पाठाच्या आधी आणि नंतर जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना पहिली ते पाचवीचा वर्ग डोळ्यासमोर आहे. सहावी ते आठवीचा भाग जिथे आपोआप जोडून येतो तिथेच घेतला आहे.

दहावीपर्यंत भूमिती झाली. आता परत चौरस-आयत कशाला?

दहावीत तुम्ही सूत्र वापरायला शिकलात. इथे तेच सूत्र नऊ वर्षांच्या मुलाला का पटावं, हे शिकायचं आहे. ‘लांबी गुणिले रुंदी’ सगळ्यांना पाठ असतं. पण ‘गुणाकारच का? बेरीज का नाही?’ असं चौथीतल्या मुलीने विचारलं की फळ्यासमोर शांतता पसरते. उत्तर अगदी जवळच असतं. ५ सेमी लांब आणि ३ सेमी रुंद आयतात १ सेमी बाजूचे चौरस मांडत गेलात, तर एका ओळीत ५ बसतात आणि अशा ३ ओळी होतात. ५ चौरसांच्या ३ ओळी म्हणजे १५ चौरस. सूत्र ही या मोजणीची जवळची वाट आहे.

मापनाचा कुठलाही धडा घ्या, क्रम हाच असतो. आधी काय मोजायचं ते ठरवायचं, मग त्याच जातीचं एकक निवडायचं, ती एककं फट न ठेवता आणि एकमेकांवर न चढवता मांडायची, आणि शेवटी मोजायची. लांबी मोजायला लांबीचं एकक, जागा मोजायला जागेचं. मुलांच्या बहुतेक चुका यातली एखादी पायरी निसटल्यामुळे होतात. म्हणून चुकलेलं उत्तर दिसलं की ‘चूक’ म्हणण्याआधी विचारा, ‘तू काय काय मोजलंस, दाखव बरं.’

माझं गणित कच्चं आहे. जमेल का?

जमेल. हातात कात्री, कागद आणि पट्टी घेऊन बसायची तयारी मात्र हवी. हा विषय वाचून येत नाही. समांतरभुज चौकोन स्वतः कापून आयत केला नसेल, तर वर्गात तो करून दाखवताना तुकडा उलटा लागतो आणि मुलं गोंधळतात. प्रत्येक कृती वर्गात नेण्याआधी घरी दोनदा करा.

साहित्य काय काय लागतं?

स्वतःसाठी कंपासपेटी : १५ सेमीची पट्टी, कोनमापक, कंपास, कर्कटक आणि दोन्ही गुण्ये (एक ३०-६०-९० चा, दुसरा ४५-४५-९० चा). कंपासचा स्क्रू घट्ट आहे ना, ते विकत घेतानाच पाहा. ढिला कंपास वर्तुळ पूर्ण होईपर्यंत दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि सुरुवात-शेवट जुळत नाहीत.

वर्गासाठी : चौकटीची वही, जाड दोरा, ए-फोर कागद, वर्तमानपत्रं, खराट्याच्या एकसारख्या कापलेल्या काड्या, १ लिटरची पारदर्शक बाटली, आणि जमल्यास खिळ्यांची फळी म्हणजे जिओबोर्ड. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या यांची जोडणी अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचवली. ती या विषयाला फार उपयोगी पडते. काड्यांचं गुल आधी खरवडून टाका. त्रिकोण जोडून दाबला तर आकार बदलत नाही, चौकोन जोडून दाबला तर लगेच कलंडतो. विजेच्या मनोऱ्यावर आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का दिसतात, ते मुलांना बोटांनी कळतं.

चौरस तिरका काढला की मुलं त्याला ‘शंकरपाळी’ म्हणतात. हे चूक धरायचं का?

चूक म्हणून सोडून देऊ नका, कारण मूल कुठे उभं आहे ते यातून कळतं. डच शिक्षक दांपत्य पिएर आणि डिना व्हॅन हिले यांनी १९५७ साली मांडलेल्या पायऱ्या इथे कामी येतात. पहिल्या पायरीवर मूल आकार एकूण दिसण्यावरून ओळखतं : ‘दारासारखा आहे म्हणून आयत.’ दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म सांगतं : चार बाजू सारख्या, चारही कोन काटकोन. तिसऱ्यावर गुणधर्मांचे आपसातले संबंध कळतात आणि चौरस हा आयतही असतो हे पटतं. त्यापुढे सिद्धतेची पायरी, आणि शेवटी वेगवेगळ्या भूमितींची तुलना. ही शेवटची पायरी शाळेच्या पलीकडची आहे.

या पायऱ्या वयाने आपोआप चढल्या जात नाहीत, अनुभवाने चढल्या जातात, आणि मधली गाळता येत नाही. मूल पहिल्या पायरीवर असताना शिक्षक तिसऱ्या पायरीवरून बोलला, तर दोघं एकच शब्द वापरतात आणि दोघांच्या मनात वेगवेगळं काहीतरी असतं.

शंकरपाळीवर उपाय साधा आहे. पुठ्ठ्याचा चौरस मुलांसमोर सरळ धरा, हळूहळू फिरवा, आणि ‘आता याची बाजू लहान झाली का? कोन बदलला का?’ असं विचारत राहा. फळ्यावरचा प्रत्येक त्रिकोण आडव्या पायावर उभा काढायची सवय आपल्यालाच असते. ती मोडा. टोक खाली असलेले, निमुळते, विशालकोनाचे त्रिकोणही काढा. आणि त्रिकोण नसलेलेही ठेवा : एक बाजू वाकडी, एक कोपरा उघडा. ‘हा का नाही?’ या प्रश्नाने मूल दुसऱ्या पायरीकडे सरकतं.

चौरस हा आयत असतो, मग वेगळं नाव कशाला? आणि समलंब चौकोनाचं काय?

आयताची व्याख्या ‘चारही कोन काटकोन असलेला चौकोन’ अशी आहे. चौरस त्यात बसतो. त्याच्या बाजूही सारख्या असतात, म्हणून त्याला खास नाव. ‘मांजर हा प्राणी आहे, पण प्रत्येक प्राणी मांजर नाही’ एवढ्यावर चौथीचं मूल समजतं. त्याच न्यायाने चौरस हा समभुज चौकोनही आहे आणि समांतरभुज चौकोनही.

समलंब चौकोनाबाबत सावध राहा. आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकात समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असलेला तो समलंब, अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येने समांतरभुज चौकोन समलंब ठरत नाही. काही देशांतली पुस्तकं ‘निदान एक जोडी’ म्हणतात, तिथे तो ठरतो. दोन्ही व्याख्या शास्त्रशुद्ध आहेत. वर्गात एकच धरायची आणि शेवटपर्यंत तीच पाळायची.

मराठी शब्दांमुळे गोंधळ होतो का?

होतो, आणि याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. बोलीत पोळीही गोल, बांगडीही गोल आणि लाडूही गोल. भूमितीत मात्र तिन्ही वेगळे. बांगडी म्हणजे वर्तुळ, नुसती कड. पोळी म्हणजे त्या कडेने वेढलेली जागा. लाडू तेवढा खरा गोल. तिन्ही वस्तू टेबलावर ठेवा आणि म्हणा : परीघ बांगडीचा, क्षेत्रफळ पोळीचं, घनफळ लाडवाचं. लांबी, जागा आणि व्याप यांतला फरक एकदम समोर येतो.

तसंच ‘चौकोन’. घरात ‘चौकोनी डबा’ म्हणतात तेव्हा बहुधा आयताकार किंवा चौरस अभिप्रेत असतो. भूमितीत चार बाजूंची कुठलीही बंद आकृती चौकोन. आणि ‘बाजू’ : घनाला किती बाजू, असं विचारलंत तर कुणी ६ म्हणेल, कुणी १२, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतील. पृष्ठं ६, कडा १२, शिरोबिंदू ८. प्रश्नच नेमका विचारा.

वीत, पाऊल, हात यांनी मोजण्यात वेळ का घालवायचा? पट्टी सरळ का देऊ नये?

पट्टीवर एककं आधीच मांडून दिलेली असतात, त्यामुळे मुलाला ती मांडण्याचा अनुभवच येत नाही. वितीने बाक मोजताना तो येतो : वीत उचलून पुढे नेमकी कुठे ठेवायची, मध्ये फट राहिली तर काय, शेवटी अर्धी वीत उरली तर काय. विटी-दांडूत दांडूने अंतर मोजणारी मुलं हे खेळात करतच असतात. मग शिक्षकाच्या वितीने बाक ७ वीत भरतो आणि मुलाच्या वितीने १०. ‘बाक लांबला का?’ या प्रश्नातून दोन गोष्टी निघतात. एक, सगळ्यांनी एकच एकक घ्यायला हवं. दुसरी जास्त खोल : एकक लहान घेतलं तर संख्या मोठी येते. मीटरचे सेंटिमीटर करताना गुणायचं की भागायचं, हा पुढचा गोंधळ इथेच सुटतो.

एवढं झालं की दोन-तीन तासिकांत पट्टीकडे या. इथे आठवडेच्या आठवडे रेंगाळायची गरज नाही.

पट्टीने मोजताना नेमकं काय चुकतं?

चुका चार प्रकारच्या, आणि चारही वेगळ्या कारणांनी होतात.

पहिली : मूल वस्तूचं टोक १ या आकड्यावर ठेवतं, कारण त्याची मोजणी १ पासून सुरू होते. दुसरी : टोक पट्टीच्या कडेला लावतं. प्लॅस्टिकच्या बऱ्याच पट्ट्यांत कड आणि शून्य यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर मोकळी जागा असते, तेवढी चूक प्रत्येक वेळी येते. तिसरी : रेघा मोजतं, अंतरं मोजत नाही. चौथी : पट्टीकडे तिरकं पाहतं. पट्टी जाड असेल तर एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो.

कोणती चूक आहे ते ओळखायची उत्तम चाचणी म्हणजे तुटकी पट्टी. शून्याकडचं टोक कागदाने झाका आणि पेन्सिलीचा तुकडा ३ पासून ८ पर्यंत ठेवा. ‘८’ म्हणणारं मूल शेवटचा आकडा वाचतंय. ‘६’ म्हणणाऱ्याने ३, ४, ५, ६, ७, ८ अशा रेघा मोजल्या. ‘५’ म्हणणाऱ्याला अंतर कळलंय. ८ वाल्याला ‘शून्यापासून ठेव’ एवढं सांगून भागत नाही. त्याला १ सेमी रुंदीच्या कागदी पट्ट्या ३ ते ८ मध्ये मांडायला द्या. पाच बसतात, सहावी मावत नाही. ६ वाल्याला बोट रेघेवर न ठेवता दोन रेघांच्या मधल्या जागेत ठेवून मोजायला लावा.

दर वेळी आधी अंदाज वहीत लिहून घ्या, मगच मोजा. करंगळीच्या नखाची रुंदी साधारण १ सेमी, दाराची उंची साधारण २ मीटर, अशा खुणा मनात असल्या की १५ सेमीची पेन्सिल ‘१५ मीटर’ लिहिणं बंद होतं.

जाता जाता एक : सुताराच्या स्टीलच्या टेपचं टोकाचं पत्र्याचं आकडं थोडं हलतं, ते ढिलं झालेलं नसतं. बाहेरून अडकवून मोजताना आणि आतून टेकवून मोजताना त्याच्या स्वतःच्या जाडीचा फरक भरून निघावा, म्हणून ते मुद्दाम हलतं ठेवलेलं असतं.

कोनमापकावर ६० च्या जागी १२० येतं. का?

कोनमापकावर दोन मापं उलटसुलट लिहिलेली असतात आणि मूल जवळचा आकडा उचलतं. म्हणून मोजण्याआधी कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा, हे तोंडाने वदवून घ्या. ‘लहान’ म्हटल्यावर १२० लिहिता येत नाही. मग क्रम असा : मधला ठिपका शिरोबिंदूवर, तळरेघ एका भुजेवर, त्या भुजेवर जिथे ० आहे तिथून मोजत दुसऱ्या भुजेपर्यंत. तळरेघ म्हणजे प्लॅस्टिकची खालची कड नव्हे, ती कडेच्या थोडी वर असते. भुजा आखूड असल्या तर पट्टीने वाढवून घ्या.

खरी अडचण मात्र यंत्राच्या आधीची आहे. लांब भुजांचा कोन मोठा, असं मुलांना वाटतं, कारण त्यांना कोन हे वळण आहे हे कळलेलं नसतं. दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचणीने जोडा, उघडझाप करा. दाराचं उघडणं, घड्याळाचे काटे, ‘अर्धा फेरा वळा’ हे सगळं कोनमापकाच्या आधी व्हायला हवं. काटकोन तपासायला कोणताही वेडावाकडा कागद एकदा दुमडा, मग पहिली घडी स्वतःवरच जुळेल असा पुन्हा दुमडा. तयार झालेला कोपरा काटकोन असतो. तो घेऊन मुलांना वर्गभर फिरू द्या : खिडकी, फळा, वहीचा कोपरा.

मोठ्या जागेत काटकोन आखायचा तर दोरी घ्या. १२ समान भागांवर गाठी मारा आणि ३, ४, ५ भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणा. गवंडी पाया गुण्यात आहे का, हे ३, ४ आणि ५ फुटांच्या मापाने असंच तपासतात. वेदी आखण्याचे नियम देणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांच्या नावातला ‘शुल्ब’ म्हणजेही दोरी.

त्रिकोणाचे कोपरे फाडून जोडले की १८० अंश. ही सिद्धता झाली ना?

नाही, हा पडताळा झाला. पाचवीला तो पुरेसा आहे, पण ‘सिद्ध झालं’ म्हणू नका. कृती नीट करा : त्रिकोणाची बाजू निदान १५ सेमी, फाडण्याआधी तिन्ही कोपऱ्यांत १, २, ३ लिहून रंगवा. न रंगवता फाडलं तर मूल फाटलेलं टोकच कोन समजून जोडतं आणि काहीच जुळत नाही. प्रत्येकाने वेगळा त्रिकोण घ्यावा, तरच ‘कुठल्याही’ या शब्दाला वजन येतं. कोनमापकाने मोजून बेरीज केली तर १७८, १८१ अशी उत्तरं येतील. प्रत्येक कोनात एखाद्या अंशाची चूक होतेच. मुलांनी खोडून १८० करू नये. तो आकडा तसाच ठेवून मापन नेहमी जवळपासचं असतं हे बोला.

सिद्धता तुम्हाला स्वतःला यायला हवी : शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. व्युत्क्रम कोनांमुळे पायाचे दोन्ही कोन वर येतात आणि तिघांचा सरळकोन होतो.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांचा घोळ कसा सोडवायचा?

या विषयातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून इथे वेळ द्या.

दोन्ही सूत्रं एकाच आठवड्यात, एकाच आयतावर शिकवली की मुलाच्या डोक्यात दोन सूत्रं आणि एक आकृती उरते. कुठलं कधी, हा नुसता अंदाज होतो. दोन्ही संकल्पना सूत्राशिवाय वेगळ्या जगू द्या. परिमिती म्हणजे शेताचं कुंपण, साडीचा काठ. क्षेत्रफळ म्हणजे जमीन सारवायला किती जागा आहे. परिमिती दोऱ्याने मोजा आणि क्षेत्रफळ चौरसांनी, म्हणजे हातातलं साधनच वेगळं राहतं.

मग ही कृती. चौघांच्या गटाला खराट्याच्या २४ सारख्या काड्या द्या. सगळ्या वापरून जितके होतील तितके वेगवेगळे आयत करा आणि प्रत्येकात किती चौरस मावतात ते चौकटीच्या वहीत काढा. ११ × १ मध्ये ११, १० × २ मध्ये २०, ९ × ३ मध्ये २७, ८ × ४ मध्ये ३२, ७ × ५ मध्ये ३५, ६ × ६ मध्ये ३६. कुंपण तेवढंच, जागा तिपटीहून जास्त. दुसऱ्या दिवशी उलट : २४ चौरस फरश्या सगळ्या वापरून आयत करा. २४ × १ ला परिमिती ५०, १२ × २ ला २८, ८ × ३ ला २२, ६ × ४ ला २०. ‘परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतंच’ हा समज मोठ्या माणसांतही असतो. या दोन दिवसांत तो जातो.

उदाहरणं निवडताना जपा. ४ × ४ चौरसाची परिमितीही १६ आणि क्षेत्रफळही १६, ६ × ३ आयताचं दोन्ही १८. ही मापं पहिल्या धड्यात आली तर चूक करणाऱ्या मुलाचंही उत्तर बरोबर येतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

आणखी एक बारीक चूक. चौकटीच्या कागदावर ५ × ३ आयताची परिमिती काढताना मूल कडेचे चौरस मोजतं आणि १२ सांगतं. खरी परिमिती १६. फरक चारचा का? चार कोपऱ्यांतल्या चौरसांच्या दोन-दोन बाजू बाहेर असतात आणि मूल तो चौरस एकदाच मोजतं. म्हणून पेन्सिलीने बाजूवरून चालायला सांगा, चौरसांवरून नको. जिओबोर्डवर तिरका रबर लावला की उलटा प्रश्न येतो : कर्णावरच्या दोन खिळ्यांमधलं अंतरही १ मोजलं जातं. ते १.४ च्या थोडं वर असतं. पट्टी लावून दाखवा.

समांतरभुज चौकोन, त्रिकोण, समलंब यांची सूत्रं पाठ न करता कशी येतील?

सगळ्यांना आयताकडे आणा. समांतरभुज चौकोनाचा एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला सरकवा, आयत होतो : पाया × उंची. बाजू ८ आणि ५, उंची ४ असेल तर क्षेत्रफळ ३२. मुलं हमखास ४० काढतात, कारण तिरकी बाजूच उंची वाटते. काड्यांची ८ × ५ ची चौकट करून हळूहळू कलंडवा. परिमिती २६ च राहते, जागा कमी-कमी होत शेवटी शून्यावर येते. हे पाहिलेलं मूल तिरकी बाजू गुणत नाही.

कुठल्याही त्रिकोणाच्या दोन प्रती जोडून समांतरभुज चौकोन होतो, म्हणून त्रिकोण त्याचा निम्मा. विशालकोन त्रिकोणात उंची पायाच्या बाहेर पडते, त्याचं एक उदाहरण मुद्दाम घ्या. समलंबाच्याही दोन प्रती, एक उलटी : समांतर बाजू ६ आणि १०, उंची ४ असेल तर १६ पायाचा समांतरभुज चौकोन, क्षेत्रफळ ६४, त्याचं निम्मं ३२.

‘पाय’ (π) म्हणजे २२/७ की ३.१४?

दोन्ही जवळपासच्या किमती. २२/७ म्हणजे ३.१४२८…, खरी किंमत ३.१४१५९…. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि सोबत ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, हा शब्दही वापरला.

वर्गात ताटं, वाट्या, डब्यांची झाकणं मोजून परीघ भागिले व्यास काढायला लावा. दोरा ताणला जातो, म्हणून उत्तरं २.९ ते ३.३ पर्यंत पसरतात. अचूकता वाढवायची तर बारीक, न ताणणारा दोरा डब्याभोवती शेजारी-शेजारी १० वेढे गुंडाळा आणि लांबीला १० ने भागा. व्यास मोजताना डबा दोन गुण्यांच्या मध्ये धरा आणि गुण्यांमधलं अंतर घ्या. वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी कागदी वर्तुळाचे १६ समान तुकडे उलटसुलट मांडा : जवळजवळ आयत दिसतो, लांबी निम्मा परीघ, रुंदी त्रिज्या.

१ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, असं मुलं का लिहितात?

‘चौरस’ हा शब्द त्यांना एककाच्या नावाला जोडलेलं शेपूट वाटतो. वर्तमानपत्रं चिकटवून खरोखरचा १ मीटर × १ मीटर चौरस करा आणि जमिनीवर पसरा. एका कडेला १ सेमीचे १०० चौरस, अशा १०० ओळी, म्हणून १०,०००. हा कागद वर्षभर भिंतीला लावून ठेवा. तसंच १ घनमीटर म्हणजे १० लाख घन सेंटिमीटर, म्हणजेच १,००० लिटर. घराच्या छतावरची हजार लिटरची टाकी बरोबर तेवढी.

घनफळ, धारकता, वस्तुमान : तिन्ही एकत्र शिकवावेत का?

ओळख वेगवेगळी, जोडणी नंतर. उंच-निमुळत्या पेल्यातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं की ‘कमी झालं’ म्हणणारं मूल अजून लिटरला तयार नाही. ओतून परत पहिल्या पेल्यात भरून दाखवा, अनेकदा. मापनपात्र वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला हवा. पाण्याची कड काचेला थोडी वर चढलेली असते, मधली खालची पातळी वाचायची.

दहा सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठ्याचा घन करून आत पिशवी घाला आणि १ लिटर पाणी ओता. पुठ्ठा फुगला तर लिटर ओतूनही घन भरलेला दिसत नाही, म्हणून बाहेरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. वर्गात दशमान ठोकळे असतील आणि एकक ठोकळा १ सेमीचा असेल, तर हजाराचा ठोकळा नेमका १ लिटरचा असतो. पाणी असेल तर १ लिटर म्हणजे जवळजवळ १ किलो, पण तेवढं पाण्यापुरतंच. पायलीने धान्य मोजतात ते आकारमान. एक पायली ज्वारी आणि एक पायली ज्वारीच्या लाह्या तराजूत टाकल्या की फरक लगेच दिसतो.

ग्रॅमची जाण द्यायला ए-फोर कागद उत्तम. १६ कागद मिळून १ चौरस मीटर होतात, म्हणून ८० ग्रॅम प्रति चौरस मीटर लिहिलेल्या गठ्ठ्यातला एक कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचा गठ्ठा अडीच किलोचा. २०० कागद हातात दिले की १ किलो.

सव्वा, दीड, पावणेदोन यांनी मुलं अडतात. काय करावं?

हे शब्द मापनाच्या तासातच पक्के करा, ते मराठीचं बळ आहे. पाऊण किलो ७५० ग्रॅम, सव्वा मीटर १२५ सेंटिमीटर, पावणेदोन लिटर १,७५० मिलिलिटर, अडीच किलो २,५०० ग्रॅम. सव्वातीन म्हणजे सव्वा अधिक तीन नव्हे, तीन आणि पाव. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी. रिकाम्या संख्यारेषेवर पावपावची उडी मारत म्हणायला लावा.

वेळेत मात्र पेच आहे. पावणेदोन तास म्हणजे १ तास ४५ मिनिटं, दशांशात १.७५ तास. मुलं १.४५ लिहितात, कारण घड्याळाची वेळ ‘१.४५’ अशी टिंब देऊन लिहिलेली त्यांनी पाहिलेली असते. वर्गात वेळ १:४५ अशीच लिहा. ९:५० ला सुटलेली एसटी ११:२० ला पोहोचली तर मुलं उभी वजाबाकी करून १.७० आणतात. त्याऐवजी उड्या : ९:५० ते १०:०० दहा मिनिटं, ११:०० पर्यंत साठ, ११:२० पर्यंत वीस. एकूण नव्वद, म्हणजे दीड तास.

गुंठा, ब्रास ही जुनी मापं शिकवावीत का?

परीक्षेसाठी नव्हे, पण वर्गात जरूर आणावीत. देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, तरी घरात जमिनीची भाषा गुंठ्याचीच आहे. ३३ फूट × ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत. पाचवी-सहावीच्या मुलांना शाळेचं पटांगण मोजून ते किती गुंठे भरतं ते काढायला लावा.

ब्रास तर शिकवण्यासारखाच. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफूट, आणि फरशी किंवा गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फूट. शब्द एक, जात वेगळी. ‘हा कसला ब्रास?’ हा प्रश्न पालकांशी बोलून मुलांनी सोडवावा.

घडणीचा पाठ कसा घ्यावा?

घडण म्हणजे खोका उघडून सपाट केल्यावर दिसणारी आकृती. टूथपेस्टचा खोका उघडून घ्या, पण चिकटवायच्या पट्ट्या आधी कापून टाका, नाहीतर मुलं त्याही पृष्ठं म्हणून मोजतात. घनाच्या घडणी ११ प्रकारे होतात. मुलांना सहा चौरस देऊन शोधू द्या. २ × २ असा चौरसांचा गठ्ठा ज्यात आहे ती मांडणी कधीच घन होत नाही, कारण घनाच्या शिरोबिंदूला तीनच पृष्ठं भेटतात, चार नाही.

सममितीत समांतरभुज चौकोन का अडवतो?

कर्णावर दोन सारखे त्रिकोण होतात म्हणून मुलं तो सममितीचा अक्ष मानतात. कागद कापून दुमडायला द्या : त्रिकोण सारखे असूनही एकावर एक बसत नाहीत. आयताचा कर्णही तसाच फसवतो. ठिपक्यांच्या रांगोळीवर आरसा उभा धरून अक्ष शोधणं मुलांना आवडतं.

सराव पाठाच्या टाचणात (लेखी आराखड्यात) काय लिहावं म्हणजे पाठ फसणार नाही?

उद्दिष्टात ‘परिमिती समजते’ असं मोघम लिहू नका. ‘चौकटीच्या कागदावरच्या आयताची परिमिती बाजू मोजून सांगतो’ असं लिहा, म्हणजे शेवटी तपासता येतं. एका तासिकेत एकच नवी कल्पना. अपेक्षित चुका आणि त्यावर विचारायचा प्रश्न यांचा स्वतंत्र रकाना ठेवा, टाचणातला सगळ्यात कामाचा भाग तोच. साहित्य वाटायला आणि गोळा करायला प्रत्येकी पाच मिनिटं धरा. चाळीस मिनिटांच्या तासात खरा वेळ तीसच मिनिटांचा उरतो. काड्या आधीच २४-२४ च्या जुड्या बांधून न्या.

टीईटीसाठी हा भाग कसा करावा?

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. तिच्या पेपर १ मध्ये १५० पैकी ३० गुण गणिताला असतात. क्षेत्रफळ-परिमितीचे, एकक रूपांतराचे, वेळेचे आणि कोनांचे प्रश्न सोडवताना रोज दहा प्रश्न करा आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराशेजारी कारण लिहा : एकक चुकलं, तिरकी बाजू घेतली, रेघा मोजल्या. महिन्याभरात स्वतःची दोन-तीन ठरलेली कारणं समोर येतात. त्यांचाच सराव करा.